फेडीचा तक्ता

आमच्या पलासियातील सदनिकेत, निजायच्या खोलीतील कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर २४० चौकोन आखलेले आहेत. २०१७ साली ही सदनिका घेण्यासाठी ४० लाख रुपयांचे कर्ज काढले, त्याची मुदत २० वर्षांची. म्हणजे महिन्याला एक याप्रमाणे २४० हप्ते. पहिल्या तारखेस हप्ता गेला की मी तांबड्या पेन्सिलीने वरच्या बाजूचा एक चौकोन भरतो. मधूनमधून काही रक्कम मुदतीआधी भरता आली, तर तिच्या योगाने शेवटचे जे हप्ते टळतात ते चौकोन खालच्या टोकाकडून निळ्या पेन्सिलीने खोडतो. तांबडा रंग वरून खाली उतरतो, निळा खालून वर चढतो, आणि दोघांची गाठ जिथे पडायची ती जागा दरवर्षी थोडी अलीकडे येते.

याच कागदाच्या खालच्या भागात दुसरा तक्ता आहे, तो निवृत्तीचा. वकील हा वस्तुतः निवृत्त होत नसतो. एक दिवस त्याच्याकडे पक्षकार येईनासे होतात आणि तो बार रूममध्ये वर्तमानपत्र वाचू लागतो, इतकेच. मला ते नको होते. बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या इच्छेने काळा कोट खुंटीला लावावा आणि मग वाचन, थोडे लेखन, कंटाळा आला तर छप्पन दुकानांपर्यंत एक फेरी, अशी दिनचर्या असावी, असा माझा बेत. त्यासाठी दरमहा २५,००० रुपये बाजूला काढतो; निम्मे मुदतीआधीच्या फेडीसाठी, निम्मे निवृत्तीच्या ठेवीसाठी. या खालच्या तक्त्याला तीन रकाने आहेत: महिना, रक्कम आणि शेरा.

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. विम्याने काही भार उचलला, उरलेले २ लाख आम्ही भरले. त्या महिन्यासमोर मी शेरा लिहिला: ‘आईचे गुडघे. ८ महिने मागे.’ लिहिताना मनात काही वाईट नव्हते. भागाकार केला आणि उत्तर मांडले.

आई हिंडूफिरू लागल्यावर एक दिवस घडी केलेले कपडे ठेवायला म्हणून तिने ते कपाट उघडले. संध्याकाळी मी कोर्टातून आलो तेव्हा तिने विचारले, “अरे, आठ महिने मागे म्हणजे काय?” मी तिला तक्ता समजावून सांगितला. ती “बरं” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर हातरुमालात गुंडाळलेल्या तिच्या दोन पाटल्या होत्या.

“यात भरून निघतंय का बघ,” ती म्हणाली.

“आई, तसं नाही ते. ती नुसती नोंद आहे.”

“नोंद आहे म्हणूनच म्हणते. खोटी आहे का?”

खोटी नव्हती. वीस-बावीस वर्षे साक्षीदारांना प्रश्न विचारण्यात घालवलेल्या माणसाला आपल्याच घरात एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नोंद खरी होती, गणित बरोबर होते, पैसे मी आनंदाने भरले होते. तरीही तो शेरा लिहिण्यात काहीतरी अपराध घडला हे आम्हा दोघांनाही कळत होते. खऱ्या वाक्याने अपराध घडतो तो नेमका कसा?

प्रथम तक्त्याची बाजू मांडतो. आपण किती देणे लागतो हे माणसाला ठाऊक असावे, ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. आपल्याकडे ती मोठ्या कष्टाने मिळालेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. दंगा पुढे पुणे आणि नगर या जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. या लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद: रोखे, गहाणखते, हुकूमनामे. कागद हाती आले की ते जाळीत, आणि ज्या सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले त्याच्या अंगाला बहुधा धक्का लागत नसे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेला आकडा वर्षानुवर्षे वाढत राहतो, तेव्हा त्या आकड्याशी भांडण्याचा आगीवाचून दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी जो कायदा झाला त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. शिवाय शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची पावती आणि वर्षाचा हिशेब लेखी मिळावा अशी तरतूद केली. माझा चौकटींचा कागद हा त्या पावतीचाच दूरचा वंशज आहे असे मी मानतो, आणि त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो.

शिवाय हप्त्याचे गणित असे आहे की, ते कागदावर मांडल्यावाचून समजतच नाही. व्याजाचा दर मधल्या काळात खालीवर झाला, परंतु हिशेबापुरता साडेआठ टक्के धरू. ४० लाखांवर २० वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये हे निव्वळ व्याज. मुद्दलात वळती होते ती रक्कम जेमतेम ६,४०० रुपयांची. निम्मी मुदत सरली म्हणजे निम्मे कर्ज फिटले असे सामान्यतः वाटते, पण निम्मे मुद्दल फिटायला चौदावे वर्ष उजाडते. अखेरपर्यंत भरलेले व्याज ४३ लाखांवर जाते, म्हणजे मुद्दलाहून अधिक. (आमच्या जुन्या हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम येथे कोणाला आठवेल. पण तो नियम एका वेळी थकलेल्या व्याजाला मर्यादा घालीत असे; हप्त्याहप्त्याने निमूटपणे भरलेल्या व्याजाला त्याचे संरक्षण नव्हते.) वर्षाला एक जादा हप्ता भरला तर मुदत तीन वर्षांहून अधिक कमी होते. २०१२ सालापासून बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी फेड केल्यास बँकेला दंडही आकारता येत नाही. हे सारे ठाऊक असलेला माणूस आपला तक्ता डोळ्यांसमोर ठेवणारच.

कर्जाकडे पाहण्याची दुसरीही एक रीत आहे आणि तिचा दाखला आम्हा इंदूरकरांच्या घरचाच आहे. खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाही आपण हे कर्ज फिटलेले पाहू असे वाटले नसणार. मुदत संपायच्या आत देणारे होळकर संस्थानही विलीन झाले आणि घेणारे सरकारही गेले. गाडी मात्र आली. ज्या व्यवहाराचा शेवट आपल्या हयातीत नाही तो करताना माणसाचे मन कसे असते, हे आमच्या पिढीला कल्पनेनेच जाणावे लागते. आम्हाला शेवट दिसावा लागतो, आणि तो निळ्या पेन्सिलीने अलीकडे ओढावा लागतो.

आता खालच्या तक्त्याकडे वळतो, कारण दोष तेथे आहे.

लवकर निवृत्त होण्याचे शास्त्र अमेरिकेत तयार झाले. व्हिकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या १९९२ सालच्या पुस्तकात घरच्या भिंतीवर लावायचा असाच एक आलेख सांगितला आहे: एक रेषा खर्चाची, एक गुंतवणुकीपासून येणाऱ्या उत्पन्नाची, ज्या महिन्यात दुसरी रेषा पहिलीला ओलांडील त्या महिन्यात नोकरीची गरज संपली. १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या अर्थसल्लागाराने अमेरिकेतील जुन्या बाजारभावांवरून हिशेब करून दाखवले की, पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम पहिल्या वर्षी काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवीत गेले, तरी पुंजी ३० वर्षे पुरते. त्यावरून वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमली की माणूस मोकळा, असा ठोकताळा रूढ झाला. बावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षे पुरतील की नाही, आणि अमेरिकेच्या बाजाराचे माप इंदूरला लागू पडते की नाही, हे प्रश्न आहेतच. मीही माझ्या तक्त्यात २५ ऐवजी ३० धरलेले आहेत. परंतु माझे म्हणणे या आकड्याविषयी नाही. त्या गुणाकाराविषयी आहे.

आईच्या औषधांना महिन्याला ४,००० रुपये लागतात असे समजा. वर्षाला ४८,००० झाले. याला २५ ने गुणले की १२ लाख होतात. म्हणजे या शास्त्राप्रमाणे आईची औषधे हा महिना ४,००० रुपयांचा खर्च राहत नाही, तो माझ्या आणि माझ्या मुक्ततेच्या मध्ये उभा असलेला १२ लाखांचा डोंगर होतो. आता हेच गणित उलट करून पाहा. औषधे ज्या दिवशी लागेनाशी होतील त्या दिवशी १२ लाखांनी माझे लक्ष्य जवळ येईल. औषधे कशाने लागेनाशी होतात हे मला येथे लिहवत नाही. मी ते कधी मनातही आणले नव्हते, हे शपथेवर सांगतो. पण माझ्या तक्त्यात त्या वाक्याची जागा आधीपासून आखलेली होती. मी तेथे काही लिहिले नव्हते, इतकाच काय तो माझा बचाव. आणि आईने तो कोरा चौकोन वाचला असावा, असे मला आता वाटते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे थोडेसे सापडले. हिशेबाच्या भाषेत ‘मागे’ हा शब्द वापरायचा तर ‘पुढे’ काय आहे हे आधी ठरवावे लागते. मी पुढे म्हणून एक रिकामी खुर्ची ठेवली होती, जिच्यात बावन्न वर्षांचा मी बसणार होतो. त्या खुर्चीच्या दिशेने जे नेते ते जमा, आणि जे अडवते ते उणे. अशा मांडणीत घरातील प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या बाजूस पडणारच, आणि जो म्हातारा, आजारी किंवा शिकणारा आहे तो उणे बाजूस पडणार. नोंद खरी होती. रकान्याचे नाव खोटे होते. पैसे गेले हे खरे, मागे गेलो हे कोणी ठरवले?

कोंकणीत कर्जाला आजही रीण म्हणतात. मराठीतही हा शब्द होता, पण आम्ही त्याची वाटणी केली: व्यवहारासाठी अरबी-फारसीच्या वाटेने आलेले ‘कर्ज’ घेतले आणि संस्कृत ‘ऋण’ सत्कारसमारंभांतील भाषणांसाठी ठेवून दिले. बँकेचे कर्ज, समाजाचे ऋण. कोंकणी माणूस बँकेचेही रीण काढतो आणि आईचेही रीण मानतो. दोन्ही एकाच शब्दात मावतात. आमच्या वाटणीमुळे सोय झाली खरी, पण जे कर्ज आहे तेवढेच खरे देणे आणि जे ऋण आहे ते नुसते अलंकारिक, असा समजही पक्का झाला.

कायद्यानेही अशीच काहीशी वाटणी केली आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्म्य दायित्व होते. जुगार, दारू असल्या ‘अव्यावहारिक’ कर्जांतून तेवढी त्याची सुटका असे. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने हे दायित्व पुढील कर्जांपुरते संपवले; केवळ धर्म्य दायित्वाच्या आधारावर मुलाकडून, नातवाकडून वा पणतवाकडून बापाचे कर्ज वसूल करता येत नाही. ठीकच झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००७ साली, आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला. वृद्ध मातापित्यांना पोसण्याचे बंधन हिंदू कायद्यात १९५६ पासून होतेच. या कायद्याने त्यांच्यासाठी निराळे न्यायाधिकरण स्थापले आणि निर्वाहाच्या रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली. मेलेल्या बापाच्या कर्जातून मुलगा सुटला, आणि जिवंत बापाच्या ऋणासाठी त्याच्यावर समन्स निघू लागले. पहिले बंधन आपण रद्द केले कारण ते अन्यायाचे वाटले. दुसरे कायद्यात इतके ठळक करावे लागले कारण ते आता आपोआप पाळले जाईना. अशा अर्जांच्या कामात मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. मुलगा जेव्हा “माझे स्वतःचे हप्ते आहेत” असे सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटतो.

बँकेचे देणे कसे संपते ते पाहा. आपल्याकडील शहरी गृहकर्जे बहुधा मालकीची कागदपत्रे बँकेच्या हवाली करून होतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील हा गहाणाचा एक प्रकार आहे. त्याच कायद्यात गहाण सोडवून घेण्याचा हक्क असा भक्कम बांधलेला आहे की, गहाण म्हणून केलेल्या व्यवहारात तो हक्क गिळून टाकणारी अट घातली तरी न्यायालय ती मानीत नाही. कर्ज पूर्ण फिटले की मूळ कागद ३० दिवसांत परत करावेत, आणि बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. किती नेटका शेवट! कागद हातात येतो, माणूस त्याची घडी उलगडून पाहतो, बायकोला दाखवतो, पेढे वाटतो. पितृऋण फिटल्याचा असा दाखला कोणी देत नाही. म्हणूनच की काय, ज्याचा दाखला मिळतो ते देणे आपण आधी फेडतो.

आमच्या शास्त्रकारांना मात्र ही दोन्ही देणी एकाच खतावणीत दिसत होती. माणूस ऋषी, देव आणि पितर यांचे तीन ऋण घेऊनच जन्मतो असे तैत्तिरीय संहितेने म्हटले. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, माणसांचे, घातले आणि ते अतिथीला अन्न व निवारा देऊन फेडायचे असे सांगितले. मनुस्मृतीत वानप्रस्थाची वेळ दिली आहे ती वर्षांच्या आकड्याने नव्हे. अंगावर सुरकुत्या, केसांत पांढरे आणि मुलाला मूल, ही तिची खूण. तीन ऋणे फेडल्यावाचून जो मोक्षाकडे मन लावतो तो खाली जातो, असेही तेथे बजावले आहे. मनूशी माझी इतर अनेक बाबतींत भांडणे आहेत, पण निवृत्ती ही देण्यांच्या अखेरीस येते हे त्याचे म्हणणे मला आजच्या ठोकताळ्यापेक्षा अधिक व्यवहारी वाटते. उलट जाबाल उपनिषद सांगते की, ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावे. हा वाद जुना आहे आणि दोन्ही पक्षांत मोठी माणसे आहेत.

आमच्या मराठी परंपरेत मुदतीपूर्वी निघून गेलेल्या गृहस्थाची जी कथा आहे ती तर घराघरांत ठाऊक आहे. आळंदीचे विठ्ठलपंत तरुण पत्नीला मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूला खरा प्रकार कळला तेव्हा त्याने त्यांना परत संसारात धाडले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही चार मुले झाली, आणि संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना जे भोगायला लावले ते सर्वश्रुत आहे. थोरल्याचे नाव निवृत्ती असावे, हा योग मला नेहमी विचारात पाडतो. कीर्तनकार या कथेत विठ्ठलपंतांचे वैराग्य आणि गुरूचे औदार्य रंगवून सांगतात. इतकी वर्षे पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिलेल्या रुक्मिणीचे येणे किती होते, याचा हिशेब कोणी करीत नाही.

आणि येथे माझ्या विरुद्ध पक्षाला बोलू दिले पाहिजे, कारण त्याचे म्हणणे वजनदार आहे. ऋण हा शब्द आपल्या घरांत फार वेळा हत्यारासारखा वापरला गेला आहे. वडिलांचे ऋण मुलाने मान्य केले आणि सुनेच्या श्रमांतून फेडले, असे किती संसार आपण पाहिले! सासूसासऱ्यांचे दुखणे काढता काढता जिचे गाणे, जिचे शिक्षण, जिची नोकरी गेली तिच्या खात्यावर कोणीच काही लिहिले नाही. न मोजलेले ऋण हे बहुधा न विचारलेल्या माणसाकडून वसूल होते. अशा घरातील मुलीने किंवा सुनेने उद्या एक तक्ता आखला, आपली कमाई वेगळी मांडली आणि ‘अमुक वर्षी मी मोकळी’ असे लिहिले, तर मी तिला मनूचा दाखला देणार नाही. आमच्या गोमंतकीय वाचकांना ठाऊकच आहे की १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या वारशाने त्यांच्याकडे सामान्यतः पतिपत्नी दोघेही संसाराच्या मालमत्तेचे समान मालक असतात, आणि घर विकायचे वा गहाण टाकायचे तर पत्नीची सही लागते. आमच्याकडे कर्जाच्या कागदावर सहऋणको म्हणून पत्नीची सही बँक घेते ती वसुलीची सोय म्हणून. माझ्या तक्त्यावर तिची सही नव्हती. बावन्नावे वर्ष माझे होते. ती त्या वर्षी काय करणार, हे मी तिला विचारलेच नव्हते, असे हा निबंध लिहिताना माझ्या लक्षात आले. विचारल्यावर तिने सांगितले की तिला शाळा सोडायची नाही.

माझ्यासारख्याला या प्रश्नात दोन माणसांचा आधार वाटतो. पहिले तुकाराम. दुष्काळाने संसार उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही कथा आपण त्यांच्या वैराग्याची म्हणून सांगतो. परंतु परंपरा त्यात एक तपशील देते आणि वकील म्हणून माझे लक्ष तेथेच अडते: धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून त्याच्या हवाली केली, आणि पाण्यात सोडली ती फक्त आपली. स्वतः मोकळे होताना दुसऱ्याचे येणे त्यांनी खर्ची घातले नाही.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. १९०२ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय ३६ होते. आजच्या कोणत्याही ठोकताळ्याला हेवा वाटावा असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर सुमारे २० वर्षे शिकवायचे असा नियम होता, म्हणजे त्यांच्याही समोर एक प्रकारचा तक्ता होताच. मोकळे झाल्यावर ते खुर्चीत बसले नाहीत; १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला. पण मला त्यांच्या आयुष्यातील आणखी जुना एक आकडा आठवतो. वडील वारल्यावर थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवले. पंधरातील आठ! स्वतःच्या कुटुंबाला सात. गोविंदरावांनी तक्ता ठेवला असता तर गोपाळ कोणत्या रकान्यात पडला असता? ‘किती महिने मागे’ याचा भागाकार तेथे करताच येत नाही, कारण पुढे जाण्याची त्यांची जागाच तो धाकटा भाऊ होता.

हे लिहिले म्हणजे मी तक्ता फाडून टाकला असे कोणी समजू नये. कामाने पिचलेल्या माणसाला सुटकेची तारीख हवीशी वाटते यात पाप नाही. कर्जाच्या ओझ्याखाली झोप न लागलेल्या रात्री मी काढलेल्या आहेत, आणि आजही पहिल्या तारखेस तांबडा चौकोन भरताना मला जो आनंद होतो तो मी लपवणार नाही. कपाटावरचा कागद आहे तेथेच आहे. निळ्या चौकोनांची गती मंदावली आहे. बावन्न हा आकडा मी खोडला, त्या जागी अजून दुसरा लिहिलेला नाही. पत्नीचे म्हणणे असे की तो दोघांनी बसून लिहायचा, आणि परीक्षांच्या उत्तरपत्रिका संपेपर्यंत तिला सवड नाही. शेऱ्याचा रकाना मात्र मी कागदाची पट्टी चिकटवून बंद केला. खाडाखोड करण्यापेक्षा ते बरे; दस्तऐवजात खाडाखोड दिसली की संशय वाढतो.

आईचे गुडघे आता चांगले आहेत. संध्याकाळी ती जुन्या पलासियातील मैत्रिणीकडे चालत जाते आणि येताना भाजी घेऊन येते. रिक्षाचे पैसे वाचले हे न विसरता सांगते, आणि ते ऐकून मला मान वर करवत नाही. पाटल्या तिने परत घेतल्या नाहीत. मी दोनदा तिच्या पेटीत ठेवल्या, दोनदा त्या माझ्या टेबलावर आल्या. तिसऱ्यांदा मी काही बोललो नाही. कायद्याच्या दृष्टीने हे नेमके काय आहे याचा मी पुष्कळ विचार केला: बक्षीस म्हणावे तर मी स्वीकारलेले नाही, ठेव म्हणावे तर ती मागत नाही, तारण म्हणावे तर ऋणको मी आणि जिन्नस धनकोचा. सध्या त्या त्याच हातरुमालात, टेबलाच्या उजव्या खणात आहेत. तांबडी पेन्सिल त्याच खणात असते, त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो उघडावा लागतो.